गोवर्धनरावांची नजर

माणिकबाईंचा पदर गेल्या चारेक वर्षांत संत्र्याच्या फांदीत जितक्या वेळा अडकला, तितक्या वेळा आधीच्या सगळ्या संसारात मिळून अडकला नव्हता. आणि मजा अशी, की तो अडकायचा फक्त सौद्याच्या दिवशी. एरवी त्याच बाई त्याच बगीच्यातून डोक्यावर गवताचा भारा घेऊन जात, तेव्हा पदराला पानसुद्धा शिवत नसे.

चांदूर बाजारच्या त्या पट्ट्यात आंबिया बहाराची, म्हणजे आंब्याच्या मोहोराबरोबर फुललेली, संत्री झाडावरच विकतात. दसऱ्याच्या आसपास व्यापारी येतो, मालकाबरोबर ओळीओळीतून फिरतो, आणि या झाडाला किती माल, त्या झाडाला किती, हे दोघं नुसत्या नजरेनं ठरवतात. तोडणी पुढे होते, शब्द मात्र त्याच दिवशी पक्का होतो. गोवर्धनरावांची नजर या कामात मानलेली. मोर्शीकडचे लोकसुद्धा सौद्याआधी त्यांना आपला बगीचा दाखवायला न्यायचे. ती नजर धूसर व्हायला लागली, तशी सौद्याच्या फेरीत माणिकबाई पाण्याची कळशी घेऊन मागून चालू लागल्या. झाड मालानं लदलेलं असलं की त्या म्हणायच्या, "अवं माय, पदर अडकला." गोवर्धनराव थांबायचे, मान वर करायचे आणि व्यापाऱ्याला म्हणायचे, "हे पाहा, कसं लदलं." झाड मध्यम असलं तर बाई नुसतं खाकरायच्या. हलकं असलं तर गप्प.

यावर नवरा-बायको कधी एक शब्द बोलले नव्हते. बोलायचं कशाला? गोवर्धनरावांच्या मते त्यांच्या डोळ्यांना काही झालंच नव्हतं. बल्बच आजकाल कमी उजेडाचे येतात. पेपरवाले शाई वाचवतात. चष्मेवाल्यानं काच उलटी बसवली. मागच्या हिवाळ्यात तर त्यांनी धुक्यावर इतका राग काढला, की धुकं बिचारं खरंच असतं तर लाजून गेलं असतं. घरातले सगळे या उलट्या काचेला आणि नसलेल्या धुक्याला मान डोलवत. मुलगा गोपाल रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाची, का तर म्हणे वाचनाची सवय मोडू नये. सून दीपमाला दारात कुणी आलं की आधी नाव घेऊन ओरडायची, मग पाणी द्यायची. घरात प्रत्येकाला ठाऊक होतं, पण दुसऱ्यालाही ठाऊक आहे हे कुणी कुणाला कळू देत नव्हतं. कोंबडं झाकून ठेवलं होतं आणि उजाडलेलं दिसू नये म्हणून सगळेच पाठ करून बसले होते.

माणिकबाईंना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मी हे त्यांच्या इज्जतीसाठी करते. त्या स्वतःलाही हेच सांगत. पण लग्न होऊन आल्यापासून ज्या बाईला सौद्याच्या दिवशी फक्त वांग्याच्या भाजीत मीठ किती एवढंच ठरवायला मिळालं, तिच्या एका खाकरण्यावर आता अख्ख्या बगीच्याचा अंदाज हलत होता. रात्रभर त्या मनातल्या मनात ओळी फिरून ठेवत. सौद्याच्या सकाळी त्यांच्या पायांत नव्या नवरीसारखी घाई असे. ते सुख इज्जतीपेक्षा वेगळं होतं, हे कळायला त्यांना यंदाचा दसरा यावा लागला.

यंदा लेक रागिणी अकोल्याहून आली होती. ती तिथं शाळेत शिकवायची, आणि शाळेतल्या पोरांच्या थापा ऐकून ऐकून तिचे कान तयार झाले होते. विहिरीजवळ गोवऱ्यांचा आर धगधगत होता. सौद्याच्या दिवशी बगीच्यातच रोडगे भाजायचे ही घरची रीत, म्हणून माणिकबाई कणीक मळत बसल्या होत्या. रागिणी शेजारी येऊन बसली.

"आई, एक इचारू? बाबाले दिसते ना?"

"दिसते बाप्पा. न दिसाले काय झालं?" माणिकबाईंनी परातीतून मान वर केली नाही.

"काल मी आली तवा मले 'ये दीपमाला' म्हनलं."

"तिच्यासारखी साडी असन तुह्या अंगावर."

"मी ड्रेस घातला होता, आई."

"मंग आवाज सारखा असन."

"मी तोंडसुद्धा नोयतं उघडलं."

माणिकबाईंनी कणकेला एक जोरदार बुक्की मारली. "तू आली का लगेच खोड काढाले बसली. मानूस थकलं हाये, झाली असन चूक. आज सौदा हाये, उगी अवलक्षण करू नको." खोटं इतकं सफाईनं निघालं की त्यांचं त्यांनाच बरं वाटलं. पण फेरी सुरू झाली तेव्हा रोडगे दीपमालाच्या हाती सोपवून रागिणीही मागं लागली.

व्यापारी उत्तमराव परतवाड्याचे. जाडजूड, तोंडात सदा खर्रा, आणि गोवर्धनरावांशी जुनं नातं. ते पुढे, गोवर्धनराव शेजारी, मागे गोपाल, त्याच्या मागे कळशीवाल्या माणिकबाई. पहिल्या ओळी झकास गेल्या. पदर अडकला, सुटला, बाई खाकरल्या, गप्प झाल्या. गोवर्धनराव काठी रोवून असे बोलत होते की पाहणाऱ्यानं म्हणावं, या माणसाला पानामागचं फळसुद्धा दिसतं.

घात झाला तो विहिरीमागच्या ओळीत. तिथलं एक झाड उन्हाळ्यात डिंक्या रोगानं पार वाळलं होतं. गोपाल ते उपटू उपटू म्हणत राहून गेला होता. वर पान नव्हतं, पण खाली बुडापासून जंबेरीचा, ज्या लिंबावर संत्र्याचं कलम बांधतात त्याचा, काटेरी फुटवा आला होता. माणिकबाईंचं लक्ष पुढच्या झाडावर. त्या फुटव्याचा काटा त्यांच्या पदरात शिरला आणि टर्रकन आवाज झाला.

"अवं माय, पदर अडकला!" त्या खरंच ओरडल्या.

गोवर्धनराव थांबले. मान वर केली. छाती पुढं आली.

"हे पाहा उत्तमराव," ते म्हणाले. "यंदाच्या बगीच्याचा राजा हाये हा. एकेक फांदी पाहा कशी वाकली. टेका देऊ देऊ थकलो आमी."

समोर फळ नाही, पान नाही, नुसत्या काटक्या. उत्तमरावांनी त्या काटक्यांकडे पाहिलं, गोवर्धनरावांकडे पाहिलं, खर्रा या गालातून त्या गालात सरकवला.

"हाये बाप्पा, हाये," ते म्हणाले. "असा माल परतवाड्यापासून नाई पाह्यला."

"याले मी पानीच जास्त देल्लं बाबा," गोपालनं लगेच जोड दिली.

तिकडून रोडग्यांची राख झटकत दीपमालाही ओरडली, "कालच पाहून गेली मी मामाजी. निरा लदलं हाये!"

चांगली कर्ती-सवरती तीन माणसं एका वाळक्या झाडाची स्तुती करत होती आणि एकाच्याही चेहऱ्यावर रेघ हलली नाही. असं एकजुटीनं या घरानं भावाभावांच्या वाटणीच्या वेळी एकदा जरी वागून दाखवलं असतं, तर बगीचा मधोमध तोडायची वेळ आली नसती.

"बाबा," रागिणी म्हणाली, "ते झाड वायलं हाये."

"उगी राय," गोपाल दातांतल्या दातांत म्हणाला.

"काहून उगी राहू? त्याच्यावर एक पान नाई, दादा. तुले दिसून राहिलं, याईले दिसून राहिलं. बाबालेच दिसत नाई."

गोवर्धनरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "मले दिसत नाई?" त्यांनी काठी आपटली. "मले? या पोट्टीले कोनी बलावलं सौद्यात? ऊन डोयावर हाये म्हनून..." ऊन त्यांच्या पाठीवर होतं. ते त्यांनाही पाठीला लागत असणार, कारण वाक्य अर्ध्यात राहिलं. मग ते जे कधी करत नसत ते त्यांनी केलं. चारचौघांत बायकोला नावानं हाक मारली.

"माणिक. तू सांग."

सगळे त्यांच्याकडे वळले. माणिकबाईंच्या जिभेवर उत्तर तयारच होतं. चार वर्षांत अशी उत्तरं त्यांनी लोणच्यासारखी घालून ठेवली होती, हवं तेव्हा बरणीतून काढायचं. पोरगी काही तरी बोलते, तिचं मनावर घेऊ नका, चला पुढं. एवढं म्हटलं की मिटलं. गोपालही डोळ्यांनी तेच सांगत होता. पण तेवढ्यात गोवर्धनरावांनी झाड चाचपायला हात पुढं केला. तो हात हवेत फिरला, फांदीला चुकला आणि नेमका त्या काटेरी फुटव्याकडं खाली आला.

"काटा हाये!" माणिकबाईंनी कळशी टाकून त्यांचं मनगट धरलं.

मनगट धरलं आणि त्यांना रडूच आलं. मोठ्यानं, लपवायचा विचारही न करता.

"वायलं हाये," त्या म्हणाल्या. "पोरगी खरं बोलते. मले आज खरंच काटा लागला जी. मी तुमाले झाड दाखोत नोयती."

गोवर्धनरावांनी काठीनं जमीन चाचपली. मग तिथंच पाटाच्या बांधावर, धुऱ्यावर बसले. आता आकाश कोसळणार असं सगळ्यांना वाटलं. दीपमाला तर रोडगे सोडून धावत आली.

"झालं समाधान?" गोपाल बहिणीवर उसळला. "तू अकोल्याहून एक दिवस येतं अन् घर हलवून जातं. आमी रोजचं निभवून राहिलो अठी."

"निभवून? दादा, तू त्याईले आंधया करून राहिला!"

"मी? मी रोज पेपर वाचतो त्याईच्यासाठी!"

"ते ठाऊक हाये मले," धुऱ्यावरून गोवर्धनराव म्हणाले. "तुले कायची वाचनाची आवड? दहावीले तीन डाव बसला तू."

दीपमालाला हसू फुटलं. ते तिनं पदरात कोंबायचा प्रयत्न केला आणि ते जास्तच मोठं झालं. "अन् मी मामाजी... मी त्या लाईट बिलवाल्या मानसाचं नाव ठाऊक नसलं तं मनानंच ठेवत होती. 'किशोरभाऊ आले' म्हनत होती. त्याचं नाव किशोर नाईच हाये."

"दोन वर्षं मी त्याले किशोर म्हनून राहिलो," गोवर्धनराव म्हणाले. "तोही 'हो' म्हनते."

उत्तमरावांनी खर्रा थुंकला. "आता निंगालंच हाये तं मीबी सांगतो भाऊ. मागच्या साली तुमी मले रामराम करून गयाभेट घेतली ना? ते मी नोयतो. माहा ड्रायव्हर होता. तो अजून सांगते सगळ्याईले, मालकानं मले मिठी मारली म्हनून."

आता कुणालाच धरवेना. गोपाल रागात होता, तोही हसत धुऱ्यावर बसला. हसता हसता गोवर्धनरावांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि पुसतच राहिले.

"माह्या बापाचे डोये कसे गेले ठाऊक हाये ना तुमाले," ते म्हणाले. महादेवरावांची गोष्ट घरात सगळ्यांनी ऐकलेली होती. शेवटची वर्षं त्यांनी ओट्यावर बसून काढली, पोरंसोरं त्यांच्या हातात खडा देऊन 'आजा, संत्रं घे' म्हणायची. "पयलं पयलं त्यालेबी असंच धूसर दिसे. मंग डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हने, आता काई होत नाई. मले वाटे, मी गेलो तं मलेबी तेच सांगतीन. नाई गेलो तं... नाई गेलो तं झालंच नाई ना काई." त्यांनी माणिकबाईंकडं मान वळवली. "अन् तुले काय वाटलं? मले तुहा पदर समजत नोयता? एवढी कायची येंधयी बाई हायेस तू? मी म्हनो, अडकते बिचारीचा पदर, आपल्याले काय. आपून आपलं झाड पाहावं."

"म्हंजे तुमाले ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं बी अन् नोयतं बी."

माणिकबाईंना याचा अर्थ लागला. त्यांचंही तसंच होतं.

उत्तमराव निघाले. "सौदा राहू द्या. डोये दाखवून या, मंग बोलू. मी कुठं पयून नाई चाललो." मग जाता जाता थबकून म्हणाले, "एक मात्र सांगतो भाऊ, रागावू नका. ह्या चार सालांत तुमचा अंदाज तोडणीशी जेवढा जुळला ना, तेवढा आधी कधीच नाई जुळला." रोडगे एका बाजूनं करपले होते, तेच सगळ्यांनी वरणात कुस्करून खाल्ले आणि कुणी नाव ठेवलं नाही.

अकोल्याला रागिणीच्या घराजवळच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई होत्या. गोवर्धनरावांना थेंब टाकून आत नेलं आणि माणिकबाई बाहेर बाकावर बसल्या. त्यांचे ओठ देवाचं नाव घेत होते, पण मनात वेगळंच चाललं होतं. ते मनात मावेना, तेव्हा त्या शेजारी बसलेल्या लेकीला म्हणाल्या,

"मले बरं वाटे वं, पोरी."

"काय?"

"त्याईले दिसत नोयतं ते. नाई, त्याईले दिसू नये असं नाई वाटे. पण सौद्याच्या दिवशी मी सांगो अन् ते ऐकत. सारे ऐकत. मी मनाले सांगो, त्याईच्या इज्जतीसाठी करून राहिली. इज्जतीचंच असतं तं पयल्या साली ओढत आणलं नसतं का इथं?"

रागिणीला शाळा आठवली. तिथल्या पोरांच्या थापा पकडणं यापेक्षा सोपं होतं. तिनं आईचा हात हातात घेतला. "त्याईचे डोये गेले असतीन तं ते माह्यामुळं गेले," माणिकबाई म्हणाल्या आणि दाराकडं पाहत राहिल्या.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या आधी गोवर्धनरावांचा आवाज बाहेर आला. "मोत्या हाये! नुसता मोत्या!" जसा काही बक्षिसात मिळाला. डॉक्टरीणबाई मागून सांगत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगलाच पिकला आहे. वडिलांना बहुतेक काचबिंदू असावा, तोही तपासून पाहिला, तसलं काही नाही. आतला पडदा, नस, सगळं शाबूत आहे. उद्या एका डोळ्याचं करू, दुसऱ्याचं महिन्यानं. "फार लांबवलंत, पण बिघडलं नाही काही," त्या म्हणाल्या. "इतके दिवस काम कसं निभावलं तुम्ही?"

रागिणीनं हळूच आईकडं पाहिलं. माणिकबाईंच्या छातीवरून चक्कीची तळी कुणी उचलावी तसं झालं होतं. त्यांनी चार वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

पट्टी काढली त्या सकाळी गोवर्धनरावांनी भिंत पाहिली, पंखा पाहिला, गाडी घेऊन आलेल्या गोपालच्या डोक्यावरचं टक्कल पाहून हळहळले. मग माणिकबाईंवर त्यांची नजर आली आणि तिथंच थांबली. बाईंनी उगीचच पदर सारखा केला.

"तू एवढी म्हतारी कवा झाली?"

"तुमी पाहत नोयते तवा," माणिकबाई म्हणाल्या.

दोन-तीन दिवसांनी गोपालच्या गाडीतून परत निघाले. अकोट गेलं, अंजनगाव गेलं, आणि गोवर्धनरावांनी एक पाटी सोडली नाही. किराणा, टायर पंक्चर, पंचायत समिती, सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. दीपमाला घरी होती म्हणून बरं, नाही तर तिचा किशोरभाऊंसारखी नावं पाडायचा कारखाना तिथंच बंद झाला असता. माणिकबाई मात्र खिडकीशी गप्प बसल्या होत्या. आनंद होता, खूप होता. त्याच्या तळाशी थोडीशी माती होती.

"काहून गप्प?" गोवर्धनरावांनी काळ्या चष्म्यातून मागं वळून पाहिलं. आता त्यांना गप्प माणूसही दिसायला लागला होता.

खोटं बोलायची चार वर्षांची सवय. 'काई नाई' हे शब्द ओठांपर्यंत आले. माणिकबाईंनी ते गिळले.

"आता सौद्याच्या दिवशी मी रोडगेच भाजन म्हनून."

"काहून?"

"तुमाले दिसते ना आता."

गाडी परतवाड्याच्या अलीकडं आली होती. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे लागले, हिरव्यावर पिवळेपणा चढायला लागलेले. गोवर्धनराव बाहेर पाहत राहिले. गोपालनं आरशातून आईकडं पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडं.

"मले दिसाले लागलं," गोवर्धनराव शेवटी म्हणाले, "म्हनून तुले दिसनं बंद झालं का?"

मग गोवर्धनरावांनीच गोपालला गाडी हळू करायला सांगितली आणि रस्त्याकडेच्या एका बगीच्याकडं बोट केलं. "हा पाहा. भारी बहार. झाडामांगं हजार फळ कुठं गेलं नाई."

माणिकबाईंनी काच खाली केली. त्या खाकरल्या नाहीत, पदराला हात लावला नाही. नीट वाकून पाहिलं.

"हजार?" त्या म्हणाल्या. "रस्त्याकडून दिसते तेवढंच हाये. मांगची बाजू रिकामी हाये सारी. सातशेच्या वर एक नाई निंगत."

"सातशे कसं? मले सारं दिसून राहिलं!"

"गाडी थांबव गोपाल," माणिकबाई म्हणाल्या. "याईले उतरून दाखोतो."